कोषापासून काउंटरपर्यंत

बस्ता बांधायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘कितीपर्यंत दाखवू?’ आणि आकडा सांगितला की गादीवर जी पहिली घडी उलगडते तिच्याबरोबर दोन शब्द हमखास येतात: ‘प्युअर म्हैसूर’. ऐकायला छान वाटतं. पण त्या क्षणी आपल्या हाती असतं काय? दोन डोळे, दहा बोटं आणि समोरच्या माणसाचा शब्द.

रेशीम ओळखायची एक घरगुती परीक्षा आपल्या आज्यांना ठाऊक होती. पदराच्या टोकाचा एक धागा ओढून काडीपेटीवर धरायचा. खरं रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते. नकली असेल तर प्लॅस्टिकसारखं वितळून कडक गोळी होते. परीक्षा अगदी बरोबर आहे. फक्त दुकानात वीस हजारांच्या साडीपुढे काडी ओढायची सोय नसते, एवढंच! आणि धागा रेशमाचा निघाला तरी जर खरी की तांब्यावर मुलामा चढवलेली, हे त्यातून कळत नाही ते नाहीच.

म्हैसूरच्या सरकारी रेशीम महामंडळाच्या साडीवर मात्र एक क्रमांक विणलेला असतो, आणि सोबत होलोग्रामची चकती. प्रत्येक साडीचा क्रमांक वेगळा. साडीच्या बाबतीत ही छाती कोणी सहसा करत नाही. आपण जे विकतो ते कुठून आलं, कोणी कातलं, कोणी विणलं, कोणी रंगवलं याचा सगळा पत्ता ज्याला ठाऊक आहे तोच असा क्रमांक घालू शकतो. आणि हा पत्ता म्हैसूरकरांना ठाऊक असण्याचं कारण साधं आहे. कोष विकत घेण्यापासून काउंटरवर साडीची घडी घालून देण्यापर्यंतची जवळजवळ सगळी कामं ते स्वतःच करतात.

अर्थशास्त्राची पुस्तकं याला ‘उभं एकत्रीकरण’ म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. एकाच पायरीवरचे दहा कारखाने एका मालकाने घेतले तर ते आडवं. कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंतच्या एकाखाली एक पायऱ्या एकाच मालकाकडे आल्या तर ते उभं. आपले साखर कारखाने पाहा. उसाची तोडणी लावणं, गाळप, साखर, मळीपासून अल्कोहोल, बगॅसवर वीज, सगळं एकाच आवारात. कापडात मात्र हे चित्र दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललं आहे, म्हणूनच म्हैसूरचं उदाहरण पाहण्यासारखं.

या भागात रेशीम आणलं ते टिपू सुलतानाने, अठराव्या शतकाच्या अखेरीला. बंगालहून रेशीमकिडे आणायला त्याने माणसं पाठवली होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमशेटजी टाटांनी बंगळूरला जपानी तज्ज्ञ आणून रेशमाची शेती उभी केली. बसवनगुडीच्या बाजूला तो भाग आजही ‘टाटा सिल्क फार्म’ म्हणूनच ओळखला जातो. हेच जमशेटजी, ज्यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली होती, मुंबई सोडून, कापूस जिथे पिकतो तिथे. माल पिकतो त्याच्या शेजारी चाक फिरवायचं, हा त्या माणसाचा हिशेब दोन्हीकडे एकच दिसतो.

म्हैसूर शहरात विणकामाचा कारखाना आला १९१२ साली. नालवडी कृष्णराज वडियार महाराजांनी स्वित्झर्लंडहून यंत्रमाग मागवले. यंत्रमागाला वीज लागते, आणि कावेरीवर शिवनसमुद्रचं वीजघर १९०२ मध्येच सुरू झालं होतं, त्यामुळे म्हैसूर राज्याची ती अडचण हिंदुस्थानातल्या इतर बऱ्याच संस्थानांच्या आधी सुटलेली होती. योगायोग असा की त्याच १९१२ मध्ये दिवाणपदावर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवलेले, म्हणजे अर्धे आपलेच! उद्योग काढा नाहीतर संपा, हा त्यांचा खाक्या. पुढच्या काही वर्षांत चंदनतेलाचा कारखानाही इथेच उभा राहिला.

सुरुवातीला इथलं कापड राजघराण्यासाठी आणि महाराजांच्या सैन्याच्या शोभेच्या पोशाखासाठी विणलं जाई. तीसच्या दशकातल्या मंदीत जपान आणि चीनच्या स्वस्त रेशमाने म्हैसूरच्या शेतकऱ्याला पार झोपवलं होतं. दुसऱ्या महायुद्धाने पारडं फिरवलं. जपानी रेशीम बंद झालं आणि हवाई छत्र्यांसाठी म्हैसूरच्या रेशमाला मागणी आली. स्वातंत्र्यानंतर कारखाना राज्याच्या रेशीम खात्याकडे गेला आणि १९८० मध्ये कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाच्या ताब्यात आला. तेव्हापासून कोष, सूत, माग आणि दुकान यांचा धनी एकच आहे.

आता ही साखळी पायरीपायरीने बघू.

बंगळूरहून म्हैसूरला निघालं की पन्नासएक किलोमीटरवर रामनगर लागतं. ‘शोले’चे खडक तेच. गब्बरच्या या गावात आशियातली सर्वांत मोठी म्हणून ओळखली जाणारी कोषांची बाजारपेठ आहे. पहाटेपासून पोती उतरू लागतात. पांढरे, पिवळसर कोष परातींसारख्या मोठ्या ट्रेमध्ये ओतून ठेवायचे आणि त्यावर लिलाव. पूर्वी बोली तोंडी होई, आता ती संगणकावर लागते. २०२३ साली सुरू झालेला नवा महामार्ग अशा गावांना बगल देऊन जातो, त्यामुळे प्रवाशांना आता हे काहीच दिसत नाही. वेळ असेल तर जुन्या रस्त्याने जा.

कोष हा नाशवंत माल आहे, हे शहरात आपल्याला जाणवत नाही. रेशमाची साडी पन्नास वर्षं टिकते म्हणून तिचा कच्चा मालही तसाच टिकाऊ असेल असं वाटतं. उलट आहे. अळी चोवीस-पंचवीस दिवस तुतीची पानं खाते, चार वेळा कात टाकते, मग दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष गुंडाळते. आत तिचा पतंग होतो आणि आठ-दहा दिवसांत तो कोष फोडून बाहेर येतो. एकदा कोष फुटला की तो अखंड धागा गेला. फुटलेल्या कोषाची किंमत मातीमोल. म्हणून शेतकऱ्याला कोष तयार झाला की तो विकायचाच असतो, आज भाव असो वा नसो. दुधासारखंच आहे हे. ज्याला थांबता येत नाही, त्याला भाव ठरवता येत नाही. रेशीम उद्योगातलं सगळं राजकारण या आठ-दहा दिवसांत दडलेलं आहे.

महामंडळ कोष घेतं ते अशा सरकारी बाजारांतून. तिथून ते जातात टी. नरसीपूरला, कावेरी आणि कपिलेच्या संगमावरच्या गावी. तिथे धागा काढायचा कारखाना आहे. आधी कोष वाफेने आणि गरम हवेने शेकतात. मग गरम पाण्यात उकळवून त्यांची टोकं शोधायची आणि आठ-दहा कोषांचे तंतू एकत्र गुंडाळून एक धागा करायचा. चांगल्या जातीच्या एका कोषात सुमारे हजार मीटर तंतू असतो. एक किलो रेशमाला सहा-सात किलो कोष लागतात. किलोत पाचशे-सहाशे कोष धरले तर हिशेब चार हजारांच्या घरात जातो. मेलेल्या अळ्यांचं काय, हा प्रश्न मनात येतोच. अनेक घरांत आजही म्हणूनच सोवळ्याला रेशीम चालतं की नाही यावर वाद होतात, तो आपण इथे घालायला नको.

टी. नरसीपूरचा धागा म्हैसूरच्या कारखान्यात येतो. दुहेरी होतो, त्याला पीळ बसतो, तोही दोन दिशांनी. काही धागे उजवीकडे पिळलेले, काही डावीकडे, आणि आडव्या विणीत दोन असे, दोन तसे घालायचे. म्हैसूर क्रेपची सगळी करामत या पिळात आहे. विणून झाल्यावर साडी हातात घेतली तर ती कागदासारखी कडक, मळकट पांढरी असते. कोणालाही आवडणार नाही. रेशमावर मुळातच एक डिंकासारखा थर असतो. साडी साबणाच्या गरम पाण्यात उकळली की तो थर जातो, वजन जवळपास चौथाईने घटतं, दोन्ही दिशांचे पीळ सैल पडून एकमेकांना ओढतात आणि कापडाला ती मऊ, सुळसुळीत, अंगाबरोबर पडणारी घडण येते.

रंग त्यानंतर. कांजीवरम किंवा आपल्या पैठणीत धागा आधी रंगतो, मग विणला जातो, म्हणून काठ वेगळ्या रंगाचा, पदर वेगळ्या रंगाचा करता येतो. इथे आख्खी साडी रंगाच्या पाण्यात जाते. जर रंग पीत नाही, ती सोनेरीच राहते. म्हैसूर रेशीम एकरंगी आणि काठाला नुसती जर, हे जे रूप आपल्या डोळ्यांत बसलं आहे ते कोणा चित्रकाराने ठरवलेलं नाही. कारखान्यातल्या कामाच्या क्रमाने ते ठरलं.

आणि या क्रमाचा एक व्यापारी फायदाही आहे. इटलीच्या बेनेटन कंपनीने लोकरी स्वेटर रंग न देता विणून ठेवायचे आणि बाजारात कुठला रंग चालतोय ते पाहून मग रंगवायचे, ही युक्ती काढली तेव्हा जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गात तिचं कौतुक झालं. साडी आधी विणायची आणि रंग शेवटी द्यायचा, या म्हैसूरच्या पद्धतीतही तीच सोय आपसूक मिळते. विणणारा, रंगवणारा आणि विकणारा एकच असला की यंदा जांभळं संपलं, हे दुकानातून रंगाच्या हौदापर्यंत जायला मधे कोणी लागत नाही.

मात्र साखळी पूर्ण बंद आहे असं समजू नका. दोन्ही बाजूंना तोंडं उघडी आहेत. तुती लावणारा शेतकरी स्वतंत्र आहे, तो महामंडळाचा नोकर नाही. आणि जर येते सुरतेहून. महामंडळाच्या सांगण्याप्रमाणे तिच्यात ६५ टक्के चांदी आणि ०.६५ टक्का सोनं असतं. २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या पलीकडे गेली, तेव्हा साडीच्या किमतीने का उसळी घेतली हे वेगळं सांगायला नको. पूर्वी फाटलेला शालू घेऊन जर वितळवणाऱ्याकडे जायची पद्धत होती. बोहारणीला दिलेल्या कपड्यांत चुकून खरी जर गेल्याची हळहळ तर घरोघर ऐकलेली असेल. आता ती हळहळ जास्त महाग पडेल.

मुंबईकराला यात नवल काय वाटावं? एकेकाळी गिरणगावातल्या मोठ्या गिरण्या अशाच तर होत्या. कापसाची गाठ एका दाराने आत जायची आणि छापील लुगडं दुसऱ्या दाराने बाहेर यायचं. कताई, विणाई, धुलाई, रंगाई, छपाई, वर गिरणीची स्वतःची दुकानं. मग ते का मोडलं? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला अडीच लाख कामगारांचा संप हे उत्तर सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण ते अर्धंच आहे. संपाच्या आधीपासूनच भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग तेच कापड कमी खर्चात विणत होते. तिथे ना कायम कामगार, ना भविष्यनिर्वाह निधी, ना पाळीचे नियम. गिरणीत मागणी पडली तरी चारही खात्यांचा खर्च चालूच. मालकांनी मग विणाई बाहेर दिली, रंगाई बाहेर दिली, आणि शेवटी हातात राहिली ती जमीन. तिचं काय झालं ते परळच्या टॉवरांकडे मान वर करून पाहिलं की कळतं. नागपूरची एम्प्रेसही गेली.

मग म्हैसूर का टिकलं? सरकारी आधार होता, हे खरंच. पण माझ्या मते कारण मालात आहे. सुती चादर बोटांनी पारखता येते. खरी जर आणि खरं रेशीम पारखता येत नाही. जिथे गिऱ्हाइकाला पारख करता येत नाही तिथे ते पारखीऐवजी भरवशाचे पैसे मोजतं, आणि भरवसा बाहेरून ठेक्यावर विणून आणता येत नाही. ‘म्हैसूर सिल्क’ या नावाला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या महामंडळाच्या नावावर. केंद्रीय रेशीम मंडळानेही २००४ मध्ये ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी सुरू केली. पण ती धागा रेशमाचा आहे इतकंच सांगते. कोणाच्या हातून आला हे सांगत नाही.

आणि कोणाच्या हातून, हा प्रश्न फक्त चोखंदळपणाचा नाही. जानेवारी २००३ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने भारताच्या रेशीम उद्योगातल्या वेठबिगार मुलांवर अहवाल काढला होता. कर्नाटकातली छोटी खाजगी युनिटंही त्यात होती. उकळत्या कोषांच्या पाण्यात हात घालणारी, सुताला पीळ देणाऱ्या यंत्रांपुढे दिवसभर उभी असणारी मुलं, आईबापांनी घेतलेल्या थोड्याशा उचलीपायी बांधलेली. वाचताना पोटात कालवतं. अशा साखळीत कोष विकणारा वेगळा, धागा काढणारा वेगळा, पीळ देणारा, दलाल, सावकार, विणकर, दुकानदार सगळे वेगळे. प्रत्येकजण म्हणणार, माझ्या आधी काय झालं मला काय माहीत? आणि तो खोटंही बोलत नसतो. एकाच घराची साखळी असली की निदान हे उत्तर देण्याची सोय राहत नाही. जाब विचारायला दार एकच असतं.

आपल्या येवल्याकडे पाहा. पैठणीचं सूत वर्षानुवर्षं बंगळूरहून आलं, जर सुरतेहून, डिझाइन आणि पैसा व्यापाऱ्याचा, घर आणि पाठ विणकराची. साडी पूर्ण व्हायला महिने लागोत, सुताचा भाव वाढला की पहिला फटका मागावर बसलेल्यालाच. पैठणीची कला म्हैसूरपेक्षा कितीतरी वरची आहे, हे मी मराठी म्हणून म्हणत नाही. पण ती कला ज्याच्या हातात आहे त्याच्या हातात साखळीची एकच कडी आहे.

कोषाच्या बाबतीतही असंच होतं. बीड, जालना, धाराशिवकडचे तुती लावणारे शेतकरी वर्षानुवर्षं कोषांची पोती गाडीत घालून थेट रामनगरला नेत. हजाराच्या आसपास किलोमीटर, भाषा परकी, आणि पोत्यात आठ-दहा दिवसांचं आयुष्य असलेला माल. भाव पडला म्हणून परत आणणार कसा? २०१८ मध्ये जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली तेव्हा हा फेरा कमी झाला. २०२० च्या टाळेबंदीत भाव कोसळले तेव्हा घराजवळ बाजार असण्याची किंमत अनेकांना कळली असेल. पण बाजार म्हणजे एक पायरी. धागा, पीळ, रंग आणि विक्री यांची जोड अजून बरीचशी बाहेरच आहे.

कापसाचं दुखणं तर आणखी जुनं. विदर्भातून गाठी जातात आणि शर्ट होऊन परत येतात. अमरावतीच्या नांदगाव पेठेला केंद्राच्या योजनेतलं वस्त्रोद्योग उद्यान होत आहे, त्याची कोनशिला सप्टेंबर २०२४ मध्ये बसली. अशी देशात सात उद्यानं आहेत, त्यातलं एक कर्नाटकात कलबुर्गीला. कल्पना चांगली आहे. पण एकाच आवारात दहा मालक आणि एकाच घरात दहा कामं, यात फरक आहे. आवारात रस्ता, पाणी, वीज वाटून घेता येते. मालाची जबाबदारी वाटून घेता येत नाही.

आता म्हैसूरची दुसरी बाजू. भरवशाच्या घराची अडचण अशी की ते रातोरात दुप्पट होत नाही. बाहेरून विणून आणलं तर नाव जातं, आतच विणलं तर मागच पुरत नाहीत. गेल्या काही वर्षांत महामंडळाच्या दुकानांपुढे पहाटेपासून बायका रांगा लावतात, टोकन वाटावी लागतात, माल दुपारपर्यंत संपतो, अशा बातम्या आणि चित्रफिती सगळ्यांनी पाहिल्या आहेत. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या पिढीला गंमत वाटावी असं दृश्य! पण ज्याच्या घरी पुढच्या महिन्यात लग्न आहे त्याला ती गंमत वाटत नाही. आणि जिथे रांग असते तिथे तिच्या टोकाला नकली माल विकणाराही उभा असतोच. कारखान्याच्या एका पायरीवर काम अडलं, कोष महागले किंवा रंगखात्यात माणसं कमी पडली, की सबंध साखळी खोळंबते. दहा मालक असते तर एकाच्या बदल्यात दुसरा सापडला असता. भरवशाची किंमत ही अशी, पैशांत आणि वेळात दोन्हीत.

म्हैसूरला जाणं झालंच तर मानंदवाडी रस्त्यावरचा हा कारखाना पाहायची परवानगी मिळते का ते जरूर विचारा. आत फोटो काढू देत नाहीत. शेजारीच विक्रीचं दुकान आहे. साडी घेताना तिच्यावर विणलेला क्रमांक आणि होलोग्राम स्वतः पाहून घ्या, आणि पावती साडीच्या घडीत न ठेवता वेगळ्या पाकिटात ठेवा. घरी आल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती लगेच बाहेर काढा. जुन्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर जर बरोबर घडीवरच तुटते.